बोटभर फट

तुळजाबाईने शिळेवर ठेवलेल्या वाटीतलं पाणी दर ठोक्याला थरथरत होतं. पहिल्या दिवशी नुसतं वलय उठायचं. आज, अकराव्या दिवशी, थेंब काठाबाहेर सांडत होते.

कंधारजवळच्या रानात गाडल्या गेलेल्या त्या देवळाच्या भुयारात तिचा नवरा शेषेराव रिकाम्या हाताने उतरला होता. निजामाच्या लेव्हीपासून, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीपासून, ज्वारी लपवायला त्याला जागा हवी होती. तो आत गेला आणि मागे शिळा पडली. तेव्हापासून आतून ठोके येत होते.

दीर व्यंकट पहार मारत म्हणाला, "वयनी, दादा जित्ता हाय. ऐकू येतंय न्हवं?"

"अन्न न्हाई, पाणी न्हाई. मग जोर रोज वाढून कसा राहिला, भावजी?"

"तुमाला नवरा नको हाय का?"

चार दिवस एक गोष्ट तिच्या ओठांवर येऊन परत जात होती: आत ठोकणारा माणूस नसावाच.

शिळेच्या कडेला बोटभर फट पडली. ठोके थांबले.

"तुळजा," आतून हाक आली. आवाज शेषेरावाचाच होता.

व्यंकट रडायलाच लागला. तुळजाबाई फटीपासून मागे सरकली. नऊ वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती; 'अगं' एवढंच म्हणायचा.

"तुळजा, उघड."

तिने ओंजळभर माती उचलली.

"भावजी," ती म्हणाली, "फट बुजवा."