रडायचा वार

आई गेल्याचं पत्र त्याने उघडलं तेव्हा बुधवार होता, आणि बुधवार बायकोचा होता.

पत्र कालच्या टपालातलं. पंप बिघडल्याच्या गडबडीत ते खिशातच राहिलं होतं. आता मिशनच्या दवाखान्यामागे इंजिनघरात तो उभा होता. हाताला काळं तेल, समोर धाकट्या भावाचं अक्षर. डोळे भरून यायला लागले तसं त्याने घाईघाईने वर पाहिलं, जणू छप्पर कुठे गळतंय ते बघतोय. आज त्याने रडायचं नव्हतं.

हा कायदा मोठ्या सिस्टरांचा. दोघं नवरा-बायको परदेशात सेवेला आली होती. ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. तो जनरेटर, पंप आणि जे जे बिघडेल ते बघायचा. आल्यापासून तिसऱ्याच दिवशी दोघं ट्रंकेवर शेजारी शेजारी बसून घरच्या आठवणीने हुंदके देत होती. तिकडे वॉर्डात एक बाई अडलेली आणि दिवे गेलेले. मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एकाने रडा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याने कामाला लागा. बाळ थांबत नसतं."

त्याच संध्याकाळी बायकोने वार वाटून टाकले. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. रविवार प्रभूचा, त्या दिवशी फक्त गायचं. दुसऱ्याचा वार असेल तर आपण हसतमुख राहायचं आणि त्याचंही काम ओढायचं.

मग काय, रडण्याचीच मजा सुरू झाली. ती चार वाजता चहाचा कप घेऊन शिस्तीत रडायला बसायची. कधी कधी रडूच यायचं नाही, मग चिडायची. "गेला वार फुकट!" एकदा तिच्या वारी त्याच्या अंगठ्यावर हातोडी बसली आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती धावत आली, पण फुंकर घालायला नाही. "अहो, चोरी! माझ्या वारी रडताय!" बरीच वादावादी होऊन अंगठ्याचं रडणं धरायचं नाही असं ठरलं.

आजचं अंगठ्याचं नव्हतं. त्याने हात पुसले आणि वॉर्ड गाठला. ती टबात एका बाळाला अंघोळ घालत होती.

"अगं, आजचा वार मला देशील?"

"वा रे वा! उद्याचा तुमचाच आहे की. एक दिवस दम निघत नाही?"

"आई गेली गं."

तिचे हात पाण्यात थांबले. क्षणभर तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग बाळाला पंच्यात गुंडाळून त्याच्या आईकडे दिलं आणि नवऱ्याच्या पाठीवर ओलाच हात ठेवला.

"घ्या. आजचा घ्या, शुक्रवारचाही घ्या. आणि आणा इकडे ती इंजिनघराची किल्ली."

इंजिनघराला लागूनच त्यांची खोली होती. तो खाटेवर पडून रडत होता आणि भिंतीपलीकडे बायको जनरेटरशी झुंजत होती. दोरी ओढली की यंत्र खोकायचं, आणि ती धपकन खाली बसायची. मग स्वतःच खो खो हसायची. वॉर्डातल्या बाया खिडक्यांत गोळा झाल्या. त्या टाळ्या पिटायला लागल्या, तशी ही उपासनेतलं गीत मोठ्याने म्हणत दोरी ओढायला लागली. सातव्या झटक्याला इंजिन धडधडलं. दिवे लागले. ओठावर तेलाची झकास मिशी घेऊन ती खोलीच्या दारात आली. तिला पाहून त्याला रडता रडता हसू फुटलं.

"अहो, नीट रडा!" ती ओरडली. "मी इथे घाम गाळतेय. वार वाया घालवू नका!"

तो हसला, आणि मग खरंच नीट रडला.

संध्याकाळी तो हलका झाला. दुपारनंतर कामावर नव्हतो म्हणून सांगायला मोठ्या सिस्टरांकडे गेला.

"तुझ्या बायकोचं मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "काल पत्र आलं तेव्हा म्हणाली, उद्या चारपासून मला मोकळं सोडा, उद्या माझा वार आहे. आणि आज चार वाजता बघते तर ही इंजिनघरात गातेय."

"कसलं पत्र?"

"तिची आत्या गेली ना? आई नसलेल्या पोरीला जिने वाढवलं ती? तुला ठाऊक नाही?"

काल मंगळवार होता. त्याचा.

तो पळतच खोलीवर आला. ती साबणाने तोंड घासत होती. मिशी अजून अर्धी होती.

"अगं, शुक्रवार तू घे. माझेही सगळे वार घे."

"शुक्रवार मी दिलाय," ती म्हणाली. "दिलेलं परत घेत नाही मी. तुम्ही रडलात ना पोटभर? मग झालं."

आणि हसली.

पुढे तिचे कितीतरी वार आले. ती उकाड्यासाठी रडली, घरच्या फोटोंसाठी रडली, परत निघताना मोठ्या सिस्टरांच्या गळ्यात पडून रडली. आत्यासाठी नाही. त्याने विचारलं की म्हणायची, "तो वार गेला."

आता ती नाही. आत्यासाठी रडायचं राहिलेलंच आहे.