वीतभर गाडी

आईचे डोळे आता भरवशाचे राहिले नाहीत, असा निकाल मुलाने परस्पर लावून टाकला आणि तिच्या गाडीची किल्ली काढून घेतली. डॉक्टरला विचारायची गरज त्याला वाटली नाही. तेव्हापासून तीन महिने गाडी रस्त्यापलीकडे उभी आणि आई वर खिडकीत. शेवटी त्याचंच मन खाऊ लागलं. भिंग लावून, चिमट्याने आरसे चिकटवून त्याने त्याच गाडीचं वीतभर मॉडेल तयार केलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"हुबेहूब जमलीय ना, आई?"

आईने ते उलटंपालटं केलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"कुठली हुबेहूब? मघाशी दोघी पोरी मागच्या काचेवर धुळीत बोटाने 'मला आंघोळ घाला' लिहून गेल्या. ते कुठंय यात?"

मुलगा खिडकीशी गेला. डोळे बारीक करूनही त्याला काचेवर नुसती धूळच दिसली. तो चष्मा घालून आला, तेव्हा कुठे त्याला ती अक्षरं वाचता आली.

आईने मॉडेल त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ही तू चालव, राजा. माझ्या गाडीची किल्ली आण."