एफ-चौदावर काय?

पडद्यावरच्या मॉडेलमध्ये कॉलमखालची फुटिंगं एकेक करून उजळत होती आणि वैजयंती त्यांना टॅग लावत होती. मातीला स्वतःवर पडलेलं प्रत्येक वजन आठवतं, म्हणून हल्ली पाया घालण्याआधी मातीलाच विचारायची पद्धत होती.

"मॅडम, हे एफ-चौदा फुटिंग चुकलंय," शेजारचा ताहेर म्हणाला. "वर कॉलमच नाही. उडवू?"

"थांब. भार किती दाखवतंय?"

"एका माणसाचा. रोज संध्याकाळी, कधी डाव्या पायावर, कधी उजव्या. शेजारी आणखी एक चिमुकला भार आहे, तो मात्र सारखा उड्या मारतोय."

वैजयंतीचा हात थांबला. होणाऱ्या दवाखान्याच्या या जागेवर पूर्वी एसटी स्टँड होता. बाबांच्या गाडीची वाट बघत आई इथेच उभी राहायची. गाडी यायची, बाबा यायचे नाहीत. "चल, उद्या येतील," म्हणत आई तिचं बोट धरून घराकडे वळायची.

"टॅग राहू दे," ती म्हणाली.

"पण तक्त्यात लिहावं लागेल ना, वर काय उभं राहणार?"

"उभं काही नको रे," वैजयंती म्हणाली. "बाक लिही."