पाच नंबरचं मशीन

रोखीमाने डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नव्हतं. दुकानवाल्या वास्दीने हेडफोन पुढे केला, तेव्हा तिने तो हेल्मेटवरूनच चढवायला घेतला.

"इबू, आधी ते उतरवा," वास्दी म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला तो इबूच म्हणायचा.

तिने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. बाहेर तिचा दीर वार्सुम मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याला मशिदीत किआईंकडे, म्हणजे मौलवींकडे, तिचा निरोप न्यायचा होता. तिचा मुलगा तोहिरिन परदेशी बोटीवर मासेमारीला गेला आणि बोटीसकट समुद्रात नाहीसा झाला. कुणाचंच शरीर हाती लागलं नाही. आता गल्लीतली वडीलधारी म्हणत होती की गेलेल्यासाठी तहलिलची प्रार्थना तरी म्हणू, लेकराच्या जिवाला थंडावा मिळेल. रोखीमा हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. काल एवढंच बोलली, की एकदा त्याचा आवाज ऐकू द्या, मग सांगते. वास्दीच्या दुकानात तोहिरिनच्या खेळाचं रेकॉर्डिंग आहे, हे वार्सुमनेच कुठूनसं ऐकून आणलं होतं.

तेगल बंदराच्या मासळीबाजारामागे वास्दीचं इंटरनेटचं दुकान. मशीनं जुनी, म्हणून त्याने सगळ्यांवर एक छोटं सॉफ्टवेअर घातलेलं. बटण दाबलं की मागे चाललेलं नको ते सगळं बंद पडतं आणि खेळ मोकळा धावतो. सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा पिवळा आकडा कोपऱ्यात दिसत राहतो. आकडा पडला की खेळ अडखळला समजायचं. तेच सॉफ्टवेअर खेळ रेकॉर्डही करतं. दुकानातली मशीनं रोज सकाळी आपोआप पुसून कोरी होतात, त्यामुळे बाकीच्यांची रेकॉर्डिंगं कधीच गेली. तोहिरिनचं पाच नंबरवरचं हे एक राहिलं, कारण त्यात आकडा साठावरून जरासुद्धा हलला नव्हता. वास्दीने ते आपल्या मशीनवर उतरवून काउंटरवर लावून ठेवलं. नवं गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, पाच नंबरला बसा, बघा कसं पळतंय ते. मध्येच खेळातला गडी थिजून उभा राही, तेव्हा गिऱ्हाइकं टोमणा मारत, भाऊ, तुमचं घोडं झोपलं की. वास्दी बोट कोपऱ्यावर ठेवायचा. गड्याकडे काय बघता, आकडा बघा.

त्याने तेच लावलं. पडद्यावर तलवारवाला गडी माळावरून धावत सुटला. रोखीमा हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसली. बराच वेळ.

"तलवारी वाजतायत," ती म्हणाली. "हा कधी बोलतो?"

वास्दीने टेबलावरचा चहाचा पेला उचलला, पुन्हा तिथंच ठेवला. माइक त्यानेच सगळ्या मशीनवर बंद करून टाकला होता. आवाजाचं ओझं पडलं की आकडा घसरतो, शिवाय आजूबाजूच्या शिव्या सगळ्या त्यात येतात. हे त्याने तिला सांगितलं. सांगताना आपण गिऱ्हाइकाशी बोलतो तसंच बोलतोय, हे त्याचं त्यालाही कळत होतं.

"म्हणजे तो बोलला, पण यात नाही."

"नाही, इबू."

तिने मान हलवली. बाजारात हवी ती मासळी संपलीय असं कुणी सांगावं, तशी. हेडफोन मात्र काढला नाही.

पडद्यावरचा गडी थांबला. चहूबाजूंनी शत्रू आले आणि त्याला हाणू लागले. त्याच्या डोक्यावरची, उरलेला जीव दाखवणारी लाल पट्टी कमी कमी होत चालली.

"हे काय? बिघडलं का?"

वास्दीचं बोट सवयीने कोपऱ्याकडे गेलं. साठ. "मशीन चालूच आहे," तो म्हणाला. पुढचं नेहमीचं वाक्य मात्र त्याच्याने म्हणवेना. गड्याच्या पायाशी गवत हलत होतं, ढग सरकत होते. आणि तो मार खात होता, हात उचलत नव्हता.

"याला दोन्ही हात लागतात," वास्दी हळू म्हणाला. "त्याचा एक हात दुसऱ्या कशात तरी असणार."

आकड्याखाली घड्याळ होतं. रोखीमाने वाकून ते वाचलं. मग दिवस विचारला. वास्दीने सांगितला. तोहिरिन बोटीवर गेला त्याच्या आदला दिवस होता तो, वेळ मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाच्या, जरा आधीची.

रोज त्या वेळेला ती फोन करायची. जेवायला येतोस ना, एवढंच विचारायला. त्या दिवशी मात्र शेजारणीच्या बकरीने वाळत घातलेली त्याची नवी लुंगी कशी चघळली, ते सगळं पहिल्यापासून सांगत बसली होती. तो नुसता हं, हं करत होता. तुझं सगळं ध्यान त्या खेळात, असं म्हणून तिने मध्येच फोन तोडला होता.

लाल पट्टी नखाएवढी उरली. गडी तसाच उभा. मग एकदम हलला आणि टेकडीकडे पळत सुटला.

"इथं मी फोन ठेवला," रोखीमा म्हणाली.

वार्सुम दारात आला होता. वहिनी, काय सांगू किआईंना, असं त्याने विचारलं. ती वळली नाही.

"मगरिबनंतर तहलिलला या म्हणावं." मग वास्दीला म्हणाली, "जरा मागे घे रे."

वास्दीने मागे घेतलं. तिने हेडफोन काढून मांडीवरच्या हेल्मेटमध्ये ठेवला आणि गडी थांबायची वाट बघत बसली.