बांधापलीकडचं ढेकूळ

काळूराम कमरेइतक्या पाण्यात वाकून चिखल चाचपत होता. हाताला लागेल ते वर काढायचा, बोटांनी दाबून बघायचा, परत टाकायचा. चिखलात ढेकूळ शोधायचं म्हणजे वेड्याचाच धंदा की! पण दुसरा इलाज कुठे होता? शिमगा झाल्यापासून रोज संध्याकाळी तो बांधापलीकडच्या या डबक्यात उतरत होता.

झालं होतं असं. शेताच्या बांधावरच्या करंजावर एक घुबड येऊन बसायला लागलं. तिन्हीसांज झाली की घुमायचं. एके दिवशी काळूराम वैतागला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, जिजानं, शेतातली ढेकळं उचलली आणि एकदमच भिरकावली. एक लागलं. घुबड फडफडलं आणि काळूरामानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, ढेकूळ पायात धरून ते डबक्याकडे गेलं.

"माझं लागलं," जिजा लगेच म्हणाली.

एरवी तिला हाताशी आलेली कैरी पाडता येत नसे. पण वाईट वेळ आली की नेमसुद्धा बसतो, दुसरं काय!

मारलेलं ढेकूळ घुबड पाण्यात नेऊन टाकतं, आणि ते जसजसं विरघळतं तसतसा मारणारा झिजत जातो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर शहाणा माणूस घुबडावर हात उगारत नाही. आणि त्याच्यापुढे कुणाचं नाव तर मुळीच घेत नाही. ऐकलेलं नाव ते घोकत बसतं आणि नावाचा धनी जातो.

आणि तसंच झालं. चैत्रात दोघांनाही ताप आला. वसईच्या दवाखान्यात दोघांचं रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी जिजाला एकटीलाच आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्या अंगातलं रगत आटतंय," ती म्हणाली. "तुमचं मला चालतं म्हनाले. अधूनमधून द्यावं लागंल."

"दिलं," काळूराम म्हणाला. "त्यात काय!"

मग दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. नर्स दारात येऊन "काळूराम!" अशी हाक मारायची. पहिल्या दिवशी तो गोंधळलाच.

"बायकांचे पेपर नवऱ्याच्या नावानंच निघतात," जिजा म्हणाली. ती स्वतः काही नवऱ्याचं नाव घेणारी नव्हती. खिडकीवर विचारलं तेव्हाही तिनं त्यालाच पुढे ढकललं होतं. तो छाती काढून आत जायचा, बाही वर करायचा आणि म्हणायचा, "घ्या, पाहिजे तेवढं घ्या." रक्त देणाऱ्यानं खायच्या म्हणून जिजानं त्याला गोळ्याही लावल्या होत्या.

परतताना आचोळ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भातशेतांत भराव पडलेला, इमारती वर चढत असलेल्या. प्रत्येक मोरीपाशी जिजा थांबायची. "मला दम लागला. बसू या जरा." काळूराम बसायचा. त्याचाही भाता चाललेला असायचा. एवढं रक्त दिल्यावर दुसरं काय होणार? लेंग्याची नाडी आवळून आवळून टोकं गुडघ्याला आली होती, पण घरात बायको झिजत असताना कुणाला घास जातो?

शेजारची फ्लॉसी अंडी घेऊन आली. "काका, बरं वाटतं का आता?"

"मला काय विचारतेस? तिला विचार की!"

फ्लॉसीनं जिजाकडे पाहिलं आणि अंडी ठेवून निघून गेली. जिजाला अंड्यांचा वास सोसवत नव्हता म्हणे. ती सगळी काळूरामानंच खाल्ली.

बाई मात्र खंबीर, हे त्याला मनापासून पटलं होतं. त्याचा थोरला भाऊ आजाराचं नाव ऐकून खाटेला लागला तो उठलाच नाही. आपणही त्याच मातीचे, हे काळूरामाला ठाऊक होतं. ही बाई मात्र मरणाचं ऐकूनही चूल सोडत नव्हती. दुपारी घटकाभर कण्हत पडायची, तेवढंच. तिच्याशिवाय या घरात आपण काय करायचं, या विचारानं त्याला रडू यायचं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणूनही हे डबकं बरं होतं.

आणि आज बोटांना काहीतरी टणक लागलं. त्यानं ते वर काढलं. दगड नव्हता. ढेकूळच होतं. कडा झिजल्या होत्या, पण आतून घट्ट! ढेकूळ पाण्याबाहेर काढून सुकवलं की माणूस वाचतो, असं त्याची आई सांगायची.

त्यानं ते पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि बांध चढायला लागला. वर येईपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. तो करंजाच्या बुंध्याआड टेकून बसला. "सुक रे बाबा, सुक," तो पुटपुटत राहिला.

तेवढ्यात घराकडून कुणीतरी येताना दिसलं. जिजा! दुपारी जिला खाटेवरून उठवत नव्हतं, ती बांधामागून बांध ओलांडत झपाझप येत होती. ना धाप, ना ठेचकाळणं. काळूरामाला रडावं की हसावं कळेना. ढेकूळ पाण्याबाहेर आलं नाही तोच गुण आला होता! तो हाक मारणार होता, पण डोक्यावर फांदी हलली. घुबड बसलं होतं. त्यानं जीभ चावली. घुबडापुढे जिजाचं नाव? छे छे!

जिजा झाडाखाली येऊन थांबली. तिनं पदर खोचला, वर पाहिलं आणि हात जोडले.

"जिजा," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "जिजा हाय माझं नाव. रोज सांगते, तरी ध्यानात ठेवत नाय तू? ढेकूळ मीच मारलं. मला काय झालेलं नाय, चांगली धडधाकट हाय, मला ने. रगत त्यांचं आटलंय, डॉक्टर म्हनतो, पाऊस बघनार नाय. त्यांना नको रे नेऊस."