अल्गोमाचा मासा

केवॉनीच्या धक्क्यावर वजनकाट्याला टांगलेला सामन मासा एकतीस पौंड भरला आणि अल्गोमाची कप्तान लव्हॉन जँड्रिन आकडा पुन्हा वाचायला पुढं झाली. तिच्या बोटीवरच्या गिऱ्हाइकांनी सकाळी धरलेला अठ्ठावीसचा होता. म्हणजे स्पर्धेतल्या सगळ्यात मोठ्या माशाला मिळणारा, इतकी वर्षं अल्गोमाच्या बारमध्ये मिरवलेला कप आता शेजारच्या बंदरात जाणार. तोही केवॉनीच्या कप्तानाच्या, नॉर्ब पॅपलमच्या हातात.

"कप पुसून आणलायस ना?" नॉर्बनं विचारलं. "आमच्याकडं धूळ चालत नाही."

दोन्ही बंदरं एकाच सरोवरावर, एकमेकांना अगदी खेटून. पण बाहेरगावच्या माणसानं सामन धरायला बोट कुठून भाड्यानं घ्यावी एवढं विचारलं, की दोन्हीकडचे कप्तान हमरीतुमरीवर येत. केवॉनीवाले आपल्या खोल पाण्याचे गोडवे गात. लव्हॉन म्हणे, "हे नुसते धरतात. आम्ही वाढवतो."

ते खरंच होतं. दर वसंतात अल्गोमाचे कप्तान बंदरातल्या जाळीच्या पिंजऱ्यात सामनची पिल्लं पाळत आणि अंगानं भरली की सरोवरात सोडत. ओळख म्हणून त्यांचा पोटाखालचा डावा पर कापलेला असे. एका वर्षी लव्हॉनची पाळी होती आणि नेमका तिचा नवरा क्लेम ग्रीन बेच्या इस्पितळात पडला. त्याच्या उशाशी बसून ती पिल्लांना साफ विसरली. आठवण झाली तशी धावतच बंदरात आली. पिल्लं गुबगुबीत होती. खाण्याची बादली धक्क्यावर धुऊन उपडी ठेवलेली होती. कुणी केलं ते कुणीच सांगितलं नाही. याला म्हणतात अल्गोमा, असं तिला वाटलं, आणि त्या अभिमानानं तिचे डोळे भरून आले होते.

आता तिनं काट्यावरचा मासा हातानं वळवला. डाव्या पराच्या जागी नुसता खुंट होता.

"नॉर्ब, हा आमचा आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "एवढा थोराड म्हणजे चार वर्षांचा. क्लेम आजारी होता त्या साली सोडलेला. कप अल्गोमातच राहणार. मासा ज्यानं खाऊ घातलं त्याचा."

धक्क्यावर कुजबुज झाली. नॉर्बनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"खाऊ घातलं त्याचा? नक्की?"

"नक्की."

"मग बरं झालं," नॉर्ब म्हणाला. "तू इस्पितळात होतीस तेव्हा रोज पहाटे गाडी काढून तुमच्या बंदरात यायचो, पिल्लांना खायला घालायचो. बादली धुऊन उपडी ठेवायचो. घाण राहिली तर तुझ्या जिभेची धास्ती होती ना."

लव्हॉननं माशावरचा हात काढला. बादलीचं ती कुणाजवळ कधी बोलली नव्हती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर केवॉनीवाल्याच्या हातचं नको म्हणून तू त्यांना उपाशी ठेवलं असतंस."

तिनं कप उचलला, बाहीनं पुन्हा एकदा पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"ने," ती म्हणाली. "पण वसंतात पिल्लं आली की पहाटे हजर हो. आमच्याकडं बादली तुझ्याइतकी स्वच्छ कुणी धूत नाही."