टेकची सहा वाक्यं

"वुई टेक द टेम्परेचर," सरिता म्हणाली.

"वुई टेक द टेम्परेचर," लंकाबाई म्हणाली आणि तिने एक बोट मुडपलं.

द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये उद्या परदेशी खरेदीदाराचा ऑडिटर तपासणीला येणार होता. तो थेट कामगारांना प्रश्न विचारतो, म्हणून साहेबांनी दहावी झालेल्या लंकाबाईला निवडलं होतं. तिला तयार करायचं काम क्वालिटी विभागातल्या सरिताकडे आलं. सरिता रसायनशास्त्राची पदवीधर. तिने आधी डिक्शनरी उघडली. 'टेक'ला दीड पान होतं. त्यातल्या कामाच्या पाच अर्थांची वाक्यं तिने फळ्यावर मांडली. तापमान मोजणं, नमुना काढणं, फोटो काढणं, नोंद करणं, काळजी घेणं. सहावं वाक्य साहेबांनी स्वतः सांगितलं होतं.

"एकट्या टेककडून सगळी कामं करून घेतेत," लंकाबाई म्हणाली. "आमच्यावानी."

सरिता हसली. पाच बोटं मुडपून झाली.

"आता शेवटचं. वुई टेक अ ब्रेक ॲट इलेव्हन."

"म्हंजे?"

"अकरा वाजता आम्ही चहाची सुट्टी घेतो. पंधरा मिनिटं."

लंकाबाईने दुसरा हात उचललाच नाही. काचेपलीकडे द्राक्षांचा सरकता पट्टा चालू होता. चाळीस बाया उभ्याने, कात्रीने घडांतले खराब मणी काढत होत्या.

"कधी घेतो?"

"मावशी, नियमात आहे ते. नुसतं म्हणायचं."

"पहिली पाच खरी हायेत, मॅडम, म्हणून पटकन पाठ झाली. हे माझ्याच्यानं नाय व्हायचं. अन् खरं सांगितलं, तर परवापासून मी घरी."

सरिताने सहावं वाक्य पुसायला डस्टर उचललं. साहेब संध्याकाळी सहाही वाक्यं ऐकणार होते. तिने घड्याळाकडे पाहिलं. अकराला चार मिनिटं कमी होती.

तिने डस्टर खाली ठेवलं. बाहेर जाऊन ती पट्ट्याच्या बटणापाशी उभी राहिली आणि बरोबर अकराला तिने लाल बटण दाबलं.

"काय बिघडलं, मॅडम?" पलीकडून ऑपरेटर गोरक्ष ओरडला.

"काही नाही. चहाची सुट्टी."

कुणीच हललं नाही. चाळीस बाया कात्र्या हातात धरून थांबलेल्या पट्ट्यासमोर तशाच उभ्या होत्या. बसायचं कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.